फुकटचं औषध

हर्षदला घोणस चावली तेव्हा सकाळचं शूटिंग सुरूही झालं नव्हतं. गोरेगावच्या फिल्मसिटीत तो सेट उभारायचं काम करायचा. गवतात पडलेली प्लायची चळत उचलायला वाकला, तर खालून कुकर शिट्टीला यावा तसा फुत्कार आला, आणि हात मागे घेईपर्यंत मनगटावर दात उमटले होते. सोबतच्यांनी शहाणपणा केला. ना हात आवळून बांधला, ना जखम चिरली. रिक्षात घातलं आणि थेट महापालिकेचं रुग्णालय गाठलं.

त्याची बायको विनिता बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. ती धापा टाकत वॉर्डात पोहोचली, तोवर राधा सिस्टरांनी त्याचं थोडं रक्त कोऱ्या काचेच्या नळीत काढून ठेवलं होतं. ही चाचणी विनिताला पाठ होती. नळी वीस मिनिटं हलवायची नाही, मग आडवी करायची. निरोगी रक्त थिजून जागच्या जागी बसतं. हर्षदचं पाण्यासारखं वाहिलं. रक्त गोठवणारी सगळी द्रव्यं विषाने खाऊन टाकली होती, आणि त्याच्या हिरड्यांतून लाल रेघ झिरपत होती.

डॉक्टरांनी सलाईनमधून औषध चालू केलं. "संध्याकाळी पुन्हा नळी बघू," ते म्हणाले. "रक्त गोठलं, तर समजा आपण जिंकलो."

विनिताने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

दुपारी दिंडोशीहून सासू आली. मंजुळाबाई मूळच्या मालवणकडच्या. मुलाच्या कपाळावर हात फिरवून त्या सुनेकडे वळल्या.

"बिल किती झाला?"

"काही नाही, आई. हे औषध इथे फुकट मिळतं."

मंजुळाबाईंचा चेहरा उतरला. "फुकट? म्हणजे साधासा असतला. गो, बाहेरून बरा आण. ह्या घे." त्या हातातली पाटली ओढायला लागल्या.

"आई, राहू द्या. बाहेर विकत घेतलं तरी हेच औषध आहे. विषावर दुसरं नाहीच."

"मगे फुकट कित्याक देतत? फुकट फक्त कोथमीर मिळता. ती पण आता भाजीवालो देणा नाय."

एरवी विनिता हसली असती. ट्रेमधली औषधाची रिकामी कुपी उचलून तिने सासूच्या हातात दिली. अर्धवट सांगून सोडणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"हे घोड्याच्या रक्तातून काढतात. त्याला हेच सापाचं विष टोचतात. आधी अगदी थोडं, मग वाढवत वाढवत. त्याला त्रास होतो, पण तो तगतो. विषाशी लढणारी द्रव्यं त्याच्या रक्तात तयार होतात. मग त्याचं रक्त काढतात आणि त्यातून हे बनवतात."

मंजुळाबाईंनी कुपी उजेडात धरली. आत एखादाच थेंब उरला होता.

"म्हणजे इख तेणा घेतला, आणि रगत माझ्या झिलाक?"

"हो."

"आणि मी इचारतंय बिल किती झाला!" त्या स्टुलावर टेकल्या. कुपी न्याहाळत म्हणाल्या, "तो घोडो खंय असता गो? गूळ-चणे तरी घालून येवया. आणि तेका कोणी इचारल्यान तरी काय, बाबा, घेतंस काय ह्या इख?"

"घोड्याला कोण विचारणार, आई?"

"इचारला असता तर तो हो म्हणालो असतो काय? कोण म्हणता हो?"

विनिता उत्तर द्यायला गेली आणि तिची नजर सासूच्या हातातल्या कुपीवर गेली.

तिचे आजोबा चर्चचे पाळक होते. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, त्याला मोल पडत नाही, हे ती संडे स्कूलमध्ये पाढ्यांसारखं शिकली होती. वधस्तंभावर सांडलेल्या प्रभूच्या रक्ताने आपण वाचलो, हेही. लॅबमध्ये नमुने रंगवायचा साधा रंग आला तरी तो कशापासून बनवलाय ते वाचल्याशिवाय ती बाटली उघडत नसे. आणि त्या रक्ताची खूण असलेला प्रभुभोजनाचा पेला मात्र दर वेळी घोट घेऊन सहज पुढे सरकवायची. फुकट होतं, म्हणून कधी उजेडात धरून बघितलंच नव्हतं.

घोड्याला ठाऊक नव्हतं सुईत काय भरलंय. प्रभूला ठाऊक होतं आपल्या वाट्याला काय येणार.

"एकाला विचारलं होतं, आई," ती म्हणाली.

"तुमच्या देवाक?"

"हो. वधस्तंभावर जायच्या आदल्या रात्री बागेत एकटाच होता. सोबतचे झोपले होते. हे माझ्यावरून टळू दे, म्हणून बापाची विनवणी करत होता."

"मगे?"

"घाबरला होता. तरी हो म्हणाला."

चर्च म्हणजे बरा देव, ना नारळ, ना कोंबडा, गायचं आणि घरी यायचं, असं मंजुळाबाई लग्नापासून चिडवत आल्या होत्या. आज त्यांनी सुनेकडे नीट निरखून पाहिलं.

"इतक्या सगळ्या झालेला, आणि तू रविवारी पावडर लावून इतकी आरामात कशी जातंस गो?"

टोमणा नव्हता. बाई खरंच विचारत होती.

संध्याकाळी राधा सिस्टरांनी पुन्हा नळी भरून खिडकीपाशी उभी केली. दोघी तिच्याकडे बघत बसल्या. मंजुळाबाईंचे ओठ हलत होते. विनिताला देवाकडे काही मागवेना. वेळ झाली तशी सिस्टरांनी नळी उचलली आणि हळूच आडवी केली.

रक्त हललं नाही. त्यांनी नळी पार उलटी केली. रक्त तळाला घट्ट चिकटून राहिलं.

"थिजलं!" वॉर्डात ओरडू नका असं सगळ्यांना सांगणाऱ्या सिस्टरच ओरडल्या. "किडनीवर दोन दिवस लक्ष ठेवू. पण झकास थिजलंय!"

"म्हणजे काय गो?"

"म्हणजे वाचला, आई."

मंजुळाबाई होत्या तिथेच लादीवर बसल्या आणि मुलाला शिव्या घालू लागल्या. "मेल्या, बघून हात घालूक काय झाला होता तुका!"

हर्षदने डोळे किलकिले केले. "आई, भूक लागलीय." मग बायकोकडे बघून म्हणाला, "ए, तू काय रडतेस? वाचलो ना मी?"

"हो रे."

"मग?"

त्याचा सुजलेला हात टाळून विनिताने उशीवर डोकं टेकलं. लहानपणापासून ती आभार मानत आली होती. जेवणापूर्वी, झोपताना, पेला पुढे सरकवताना. आज नेहमीचं वाक्य पुढेच जाईना. घाई कसलीच नव्हती. छातीवर सकाळपासून बसलेलं ओझं उतरत होतं, आणि ते उतरू देत ती हलकेच म्हणाली, "तू हो म्हणालास."

"मी? कशाला हो म्हणालो?" हर्षदने विचारलं.

"तू नाही रे," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली.