लेन्झेनबाईंच्या भिंतीवरचा मंत्र

हिंदी माणूस दिसला की तो साधूच असणार, अशी जर्मनीतल्या आखनच्या लोकांची १९५८ साली ठाम समजूत होती. मी तिथे इंजिनिअरिंग शिकत होतो आणि स्टेशनासमोरच्या बिअरच्या खानावळीत जेवत होतो. एका रविवारी मालकीण लेन्झेनबाईंनी काउंटरमागच्या भिंतीवरची काचेची चौकट काढून माझ्यापुढे ठेवली आणि त्यातला तुमच्याकडचा मंत्र वाचा म्हणाल्या.

१९१५ साली, पहिल्या महायुद्धात, इंग्रजांच्या फौजेतल्या युद्धकैद्यांची गाडी इथे थांबली होती. बाईंच्या सासऱ्यांनी, म्हणजे पहिल्या मालकांनी, एका फेटेवाल्या शिपायाला सूप दिलं. त्याने हा कागद त्यांच्या हातात कोंबला आणि हात जोडले. सासऱ्यांनी तो आशीर्वाद समजून काचेत बसवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने स्टेशन सपाट झालं, पण खानावळ वाचली. मग काय, नव्या मालकाने आधी चौकटीला हात लावायचा, हा रिवाज पक्काच झाला. सासऱ्यांनंतर बाईंच्या नवऱ्याने लावला होता. तो रशियाच्या लढाईवरून परतला नाही, तेव्हा बाईंनी.

अक्षर मोडी होतं. वडिलांनी छड्या मारून शिकवलेलं मोडी इथे उपयोगी पडलं, आणि पडलं नसतं तर बरं, असं मला दुसऱ्याच ओळीला वाटलं.

"सौभाग्यवती चंद्राबाई हीस आशीर्वाद. मी जिवंत आहे. सरकारी कागद काहीही येवो, कुंकू पुसू नकोस. बाळू शेलार."

चौकटीतून कागद काढला, तर मागे पत्ता होता, शेलारवाडी, जिल्हा सातारा. बिचाऱ्याने टपालात टाका म्हणून हात जोडले होते. मला संताप आला, पण सूप देणाऱ्या माणसावर संतापायचं तरी कसं?

मी बाईंना पत्राचा अर्थ सांगितला आणि कुंकू म्हणजे तुमच्या बोटातली अंगठी, असं समजावलं. दुसऱ्या दिवशी पत्र टाकायला त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या.

तीन महिन्यांनी गावच्या मास्तरांचं उत्तर आलं. बाळू कधीच परतला नव्हता. १९१५ सालीच तो मेल्याचा सरकारी कागद आला आणि चंद्राबाईंच्या बांगड्या फुटल्या. त्या हयात होत्या. मास्तरांनी लिहिलं होतं: "पत्र तीनदा वाचून दाखवले. त्रेचाळीस वर्षांपूर्वीचे आहे हेही सांगितले. तरी त्या विचारतात, ते स्वतःच ‘मी जिवंत आहे’ म्हणतात, तर आता कुंकू लावू का? आपण तिकडे आहात, कळवावे."

मी ते लेन्झेनबाईंना सांगितलं. त्या बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

"लाव म्हणून लिहा," त्या म्हणाल्या.