अंबरनाथचा दयाळ

"मालू, एकदा पोथी उघडली की कुणी कितीही हाका मारो, अध्याय पुरा झाल्याशिवाय आसन सोडायचं नाही हं!"

आई जाऊन वर्षं लोटली, पण तिचा हा शब्द मालिनीताईंनी उल्हासनगरच्या बराकीतही कधी मोडला नव्हता. भिंतीपलीकडे ईश्वरीबाई राहायच्या. फाळणीत सिंध सोडून आलेल्या, आता एकट्या. सकाळी सिंधीत काहीबाही गुणगुणायच्या, मध्येच स्वतःशी बोलायच्या. "लागला शेजारचा रेडिओ!" असं मालिनीताईंच्या घरात सगळे हसून म्हणत. त्यात दुष्टावा नव्हता.

चैत्रातल्या त्या सकाळी मात्र पलीकडून आवाज आला तो गाण्याचा नव्हता. काहीतरी पडलं आणि ईश्वरीबाई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. मालिनीताईंचं बोट पोथीच्या ओळीवर थांबलं. 'असेल त्यांचं काहीतरी,' असं मनाशी म्हणून त्या पुढची ओवी वाचू लागल्या.

दुपारी भाजीवालीनं दार ढकललं तेव्हा ईश्वरीबाई स्टोव्हजवळ आडव्या पडल्या होत्या. उजवं अंग लुळं पडलं होतं. "जरा आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

ईश्वरीबाईंच्या मुलानं त्यांना बाजारामागच्या इमारतीत आपल्या घरी नेलं. मालिनीताई भेटायला गेल्या, तर म्हातारीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि सिंधीत भडाभडा बोलत सुटली. मध्येच थांबायची, तोंडाकडे बघायची, उत्तराची वाट पाहायची.

"आंटी, हिंदी तो पूरी चली गई इनकी," सून कविता म्हणाली. "मला पण सिंधी येत नाय. ये तो सुबह निकलते हैं, रात को आते हैं. दिनभर ऐसेच बोलत राहतात बघा."

"हां अम्मा, हां," मालिनीताई म्हणाल्या. मनगट सुटेना तेव्हा म्हणाल्या, "मैं रोज आऊंगी. वचन."

आणि त्यानंतर त्या एकदाही गेल्या नाहीत! जाऊन बोलायचं तरी काय? की मी ऐकलं होतं म्हणून?

जीवाला चैन पडेना, तेव्हा त्या बदलापूर गावात थोरल्या भावाकडे गेल्या. चिंतामणीदादा निवृत्त शिक्षक. त्यांना पाखरांचा भारी नाद. "ह्यांना माझी हाक ऐकू येत नाही, पाखराची बरी येते," असं वहिनी म्हणायच्या. मालिनीताईंनी अंगणात बसून सगळं सांगितलं. "भाषाच कळत नाही, दादा. मी तरी काय करणार होते?"

दादांनी समजूत घातली नाही. आतून टेपरेकॉर्डर आणला. समोरच्या आंब्यावर काळापांढरा दयाळ पक्षी गात होता. दादांनी कॅसेट लावली आणि काय! दुसऱ्या दयाळाचा सूर ऐकताच तो ताडकन खालच्या फांदीवर आला, शेपटी उभारून उलट गाऊ लागला.

"हा आवाज अंबरनाथच्या दयाळाचा. चाल थोडी निराळी आहे. ह्यानं त्याला जन्मात पाहिलेलं नाही. तरी आला की नाही?"

"भांडायला आला!"

"भांडायलाच आला. माया नाही त्यात. पण ही हाक आपल्यासाठी आहे, एवढं त्याला कळलं." दादांनी कॅसेट बदलली. "आता हा पार केरळातला."

दयाळानं मान तिरकी करून जरासं ऐकलं आणि किडे वेचायला निघून गेला.

"बघ, मीही ह्याच्यासारखीच," मालिनीताई घाईनं म्हणाल्या.

"नाही मालू! त्याच्या कानावर ते गाणं कधी पडलेलंच नाही, त्याला मी दोष देणार नाही. पण ईश्वरीबाई केरळात राहत होत्या का गं? एका भिंतीआड रोज ऐकत आलीस. त्यांचं गाणं कुठलं आणि हाक कुठली, तुला कळत नव्हतं?"

मालिनीताईंच्या डोळ्यांना धार लागली. "कळलं होतं, दादा! म्हणून तर बोट थांबलं ओळीवर!"

"मग ते बोट थांबवणारा कोण होता, तेवढं तूच ओळख," दादा हळूच म्हणाले आणि त्यांनी टेप बंद केला. "पुरे. त्या बिचाऱ्यालाही उगाच त्रास नको."

वाचकहो, आपल्या गावांत भिंतीला भिंत लावून किती बोली नांदतात! सगळ्या आपल्याला यायच्या नाहीत. पण शेजारचं दुःख कानावर पडूनही आपण बसून राहिलो, तर आपलं कुठलंच व्रत पुरं होत नाही.

दुसऱ्या दिवशी मालिनीताई पापडवाल्या लछमनशेठच्या दुकानासमोर थांबल्या.

"शेठ, 'मी ऐकतेय' हे तुमच्या भाषेत कसं म्हणतात हो?"

"क्या बाई, भाव पाडायला सिंधी शिकते का?" शेठ हसले. मग मालिनीताईंचा चेहरा बघून सावकाश म्हणाले, "मां बुधां थी. बाईमाणूस असं बोलणार."

गेलेली ती सकाळ परत यायची नव्हती. ईश्वरीबाईंचं उजवं अंगही आता सुधारायचं नव्हतं. मालिनीताईंनी पदर सावरला आणि बाजारामागच्या इमारतीच्या वाटेला लागल्या, ओठांतल्या ओठांत म्हणत, "मां बुधां थी... मां बुधां थी..."