निवळत ठेवलेलं पिंप

आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं खरं लिहिता येईल. ते पिंप मी हलवलं होतं. ब्रायनचे डोळे शाबूत होते.

त्या डोळ्यांपासूनच सुरुवात करायला हवी. पश्चिमेच्या खिडकीशी उभा राहून तो ग्लास उजेडाकडे धरायचा आणि एक डोळा बारीक करायचा. ख्राइस्टचर्चच्या हिवाळ्यातलं फिकं, तिरपं ऊन त्या तांबूस बिअरमधून आरपार जायचं आणि त्याच्या सुरकुतलेल्या गालावर मधाच्या रंगाचा एक कवडसा उमटायचा. कवडसा स्वच्छ पडला की आपण 'झकास' म्हणावं तसं तो हलकेच "स्वीट अ‍ॅज" म्हणायचा. इतक्या हलके, की ते आम्हाला उद्देशून नसून त्या उजेडाचे आभार आहेत असं वाटावं.

आमच्या वस्तीतला जुना पब भूकंपात गेला. मी पुण्याहून इथे आलो तो त्या पडझडीनंतर, नव्या इमारतींची गणितं करायला. पुढे वस्तीतल्या दहा-बारा जणांनी बंद पडलेल्या बोलिंग क्लबची बैठी इमारत झाडून-पुसून घेतली आणि तिथे स्वतःचा पब सुरू केला. पगारी माणूस एकही नाही. पिंपातच पिकणारी, वायूच्या दाबाशिवाय हातानं उपसली जाणारी जुन्या रीतीची बिअर लोकांपर्यंत पोचवायची आणि एकट्या माणसाला नावानं हाक मारणारी एक खोली शाबूत ठेवायची, एवढाच त्यांचा ध्यास. शनिवारच्या बाजारात ते टेबल मांडत, घोटघोटभर बिअर चाखायला देत आणि लाजत लाजत पत्रकं वाटत. मी तिथे गेलो तो बिअरसाठी नव्हे. घरी मुलं माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत होती, ऑफिसात मी एक सही होतो, आणि त्या बाजारात या म्हाताऱ्या ब्रायननं इथला नमस्कार घालत विचारलं, "किया ओरा, मेट. हात रिकामे दिसतायत तुझे. हा खोका धरतोस?"

मी खोका धरला. मिलिंदचा 'मिल' झालो. घरी वैशाली म्हणायची, "अरे, स्वतःचा चहाचा कप उचलत नाहीस आणि तिथे जाऊन पिंपं धुतोस? हे बरंय तुझं!" जिथे आपली वाट पाहिली जाते तिथे माणूस भांडीही आनंदानं घासतो, हे बायकोला कसं सांगायचं?

ब्रायन रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. वयानं माझ्या वडिलांएवढा, पण इथल्या रीतीनं मी त्याला नावानं हाक मारायचो. मनात मात्र कायम 'अहो' असायचं. त्याचं खरं राज्य म्हणजे दक्षिणेकडची, उन्हाला पाठ केलेली साठवणीची खोली. इथे दक्षिण बाजू गार असते हे अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली होती. त्या गारव्यात, ओल्या लाकडाच्या आणि यीस्टच्या आंबूस वासात, लाकडी घोडीवर पिंप आडवं निजलेलं असायचं. पिंप एकदा मांडलं की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. गाळ आपसूक तळाशी बसतो आणि वरची बिअर निवळते. ब्रायन आत शिरताना आवाजसुद्धा उतरवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा पिंपावर ठेवायचा आणि बाहेर येऊन बारवरचा हापसा, हो, आपल्याकडच्या बोअरवेलच्या हापशाचाच तो नेटका भाऊबंद, फडक्यानं पुसत बसायचा. मला चिडवायचा, "तुझी इमारत हलली तर बातमी होते, मिल. माझं पिंप हललं तर फक्त संध्याकाळ जाते. पण माझ्याकडे उरल्यात किती संध्याकाळी?"

वसंतातल्या एका रविवारी आम्ही सगळ्या वस्तीला बोलावलं होतं. नवे सभासद मिळाले तर पब चालणार, नाहीतर इमारत परत करायची, असं ठरलेलं. मी सकाळीच खुर्च्या मांडायला गेलो. बाहेर वायव्येचा गरम, कोरडा वारा पत्र्याचं छप्पर खडखडवत होता. आत एकटं पिंप. आणि मला दिसलं की ते मागच्या बाजूला दोन बोटं उतरतं आहे. तो उतार ब्रायननं मुद्दाम दिला होता, गाळ तोटीपासून लांब राहावा म्हणून. मला ते ठाऊक नव्हतं. मला दिसली फक्त चुकलेली पातळी. आयुष्यभर वाकडं ते सरळ करण्यावर पोट भरलेला माणूस मी. गाडीतून स्पिरिट लेव्हल आणली आणि पिंपाखालची पाचर ठोकून सरकवायला गेलो. पाचर निसटली. पिंप लाकडावर धप्पकन बसलं. आतून एक खोल डुचमळ ऐकू आली. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या श्वासासारखी. मी पाचर होती तशी लावली, लेव्हल गाडीत ठेवली आणि खुर्च्या मांडत राहिलो.

दुपारी पहिला ग्लास भरला, तो तांदळाच्या धुवणासारखा गढूळ. दुसराही तसाच. इथली माणसं तक्रार करत नाहीत. दोन घोट घेतात, छान आहे म्हणतात आणि ग्लास अर्धा ठेवून बागेतल्या गुलाबांविषयी बोलू लागतात. ब्रायन खोलीत जाऊन आला. त्यानं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पिंपाला कुणी हात लावला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

एवढंच. समितीची अध्यक्ष हेदर मायेनं म्हणाली, "असू दे रे ब्रायन, आपण सगळेच म्हातारे होतोय." तेव्हा त्यानं तो गढूळ ग्लास खिडकीशी नेला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "काल नितळ दिसली होती मला," तो पुटपुटला. गालावर कवडसा पडलाच नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक माणूस स्वतःच्या नजरेवरचा विश्वास गमावत होता, आणि तो परत द्यायला एक वाक्य पुरेसं होतं. मी ते बोललो नाही, कारण या देशात मला 'आपला' म्हणणारी ती एकच खोली होती आणि मला पुन्हा पाहुणा व्हायचं नव्हतं.

सभासद मिळाले, पब तरला. म्हणजे मी खरं बोललो असतो तरी काही बुडणार नव्हतं.

आठवड्यानं ब्रायननं तोटी ठोकायचा आपला लाकडी हातोडा माझ्या हातात ठेवला. "तुझी नजर तरुण आहे," म्हणाला. मला शरमेच्या आधी आनंद झाला, हेही आज लिहून ठेवतो. पुढे कधी ग्लास जरा गढूळ आला की बारवर हाळी पडायची, "आज ब्रायन आलाय ग्लासात!" पहिल्यांदा सर्वांत मोठ्यानं तोच हसला. नंतर तो दाराजवळच्या खुर्चीत लेमोनेड घेऊन बसू लागला. ग्लास उजेडाकडे धरायचा त्यानं सोडला होता. मग पंधरवड्यानं यायचा, मग महिन्यानं. गेल्या शरदात, पॉपलरची पानं पिवळी होऊन रस्ताभर पसरली असताना, तो गेला. निरोपाच्या सभेत हेदरनं त्या गढूळ रविवारचा किस्सा फार प्रेमानं सांगितला. सगळे डोळे पुसत हसले. मीही हसलो.

आता ती गार खोली माझी आहे. दोन दिवस पिंप निजू देतो, उतार दोन बोटं ठेवतो, आणि खिडकीशी ग्लास धरला की नितळ मधाळ कवडसा माझ्या गालावर पडतो. लोक म्हणतात, मिलचा हात चांगला आहे. दिवस जातात तसं सगळं वर वर निवळत जातं. पण निवळणं म्हणजे गाळ नाहीसा होणं नव्हे, तो फक्त तळाशी जाऊन बसतो. आणि दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर तिरपं ऊन आलं की माझ्या आत तीच जुनी डुचमळ ऐकू येते. परवाही कुणीतरी हसत म्हणालं, "ब्रायन आलाय ग्लासात." त्याला कधी न भेटलेला माणूस होता तो.

त्या बारसमोर, सगळ्यांच्या देखत, पिंप मी हलवलं आणि विचारल्यावर खोटं बोललो, हे सांगण्याचं ब्रायनचं देणं माझ्यावर आहे. इथे लिहिलं, पण तिथे अजून सांगितलेलं नाही.