साहेबांची खुर्ची आणि प्रतिभाचं वाचन

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी समजू नका हं, साहेबांची खुर्ची! भांडगावपलीकडे माळावर एक सरकारी शाळा आहे, तिथेच माझं आयुष्य गेलं. म्हाळू सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि गुरुजींनी चादर घालून ऑफिसात ठेवलं. तालुक्याहून तपासणीला साहेब आले, की चादर निघायची. बाकी दिवस मी ऐटीत बसून कंटाळायचे.

माझ्यावर बसून साहेब मुलांना वाचायला लावत, पाढे विचारत. त्यावरून शाळेला शेरा मिळे. शेरा वाईट पडला, तर गुरुजींची खरडपट्टी निघे. म्हणून गुरुजी हुशार मुलांना पुढे बसवत आणि अडखळणाऱ्यांना त्या दिवशी कामाला लावत.

प्रतिभा त्या अडखळणाऱ्यांतली. दिवाळी झाली की तिच्या घरचे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, तीही सोबत जायची. परत येईपर्यंत धडे पुढे गेलेले असत. तपासणीच्या दिवशी साहेबांना पाणी देण्याचं काम ठरलेलं तिचंच. पण एरवी शाळा सुटल्यावर ऑफिस झाडताना ती पुस्तक उघडून माझ्यापुढे उभी राहायची आणि विचारायची, "सायेब, वाचू का?" मग बोट ठेवत, थांबत थांबत, पण अख्खा धडा वाचायची. तेव्हा मला किती आनंद व्हायचा म्हणून सांगू!

चौथीत असताना तिने धीर केला. "गुरुजी, यंदा मलाबी इच्चारू द्या की. येतंय मला आता."

"पुढच्या वर्षी बघू. तू पाणी आण," गुरुजी म्हणाले.

आमची शाळा चौथीपर्यंतच होती. साहेब पाणी प्याले, उत्तम शेरा लिहून गेले. प्रतिभा रिकामा तांब्या घेऊन दारातच उभी होती. त्या दिवाळीनंतर ती गेली, ती शाळेत परत आलीच नाही. मला तिची फार आठवण यायची. कुणी केरसुणी घेऊन आत आलं, की मी कान टवकारायचे.

पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मोडक्या पायासकट माझी रवानगी व्हरांड्यात झाली. बऱ्याच वर्षांनी एक बाई मुलाचं नाव घालायला आली. आवाजावरून ओळखलं मी, प्रतिभाच! मुलाचं नाव सुरज. शाळेत शिकवायला आलेल्या नव्या बाई तिला म्हणाल्या, "बसा ना, ताई."

"न्हाई, उभीच बरी. येवढंच सांगते बाई, तपासणीच्या दिवशी ह्याला पाण्याला धाडू नका. चुकला तर चुकू द्या, पर इच्चारा त्याला."

"त्या दिवशी पाणी मी देईन, ताई," बाई म्हणाल्या.

प्रतिभा हसली आणि निघाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मित्रांनो, माझा पाय कुणी दुरुस्त केला नाही तरी चालेल. पण तुमच्या वर्गात कुणी अडखळत वाचत असेल, तर हसू नका, घाई करू नका. त्याचं वाचून होईपर्यंत थांबा. प्रतिभाचं ऐकायला मी तर अजून थांबले आहे.