सगळं घरपोच

आमच्या घरात ते अ‍ॅप आलं त्या दिवशी यांनी मला कौतुकाने जवळ बसवून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढ्या कौतुकाने जवळ बसवल्याचं मला काही आठवत नाही. निवृत्त होऊन यांना जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. ऑफिसात हाताखाली माणसं होती, घरात मी एकटी. तेव्हा सुधारणा करायच्या तर आता माझ्यातच करायच्या, असं बहुधा ठरलं असावं.

"हे बघ," हे म्हणाले, "आता उन्हातान्हात पिशव्या ओढायच्या नाहीत. गुडघे झिजवायचे नाहीत. बोट लावलं की सामान दारात."

बोट यांचं. फोन यांचा. दार उघडायचं तेवढं मी.

पहिल्या ऑर्डरला अख्खी संध्याकाळ गेली. पत्ता टाकताना मजला चुकला, तो दुरुस्त केला तर इमारत चुकली. मग भाजी. कांदे किलोवर, लिंबं नगावर, कोथिंबीर ग्रॅमवर. मी म्हटलं, टोमॅटो हातात घेऊन बघावे लागतात. "तिथे माणसं असतात निवडायला," हे म्हणाले. मी जन्मभर निवडलेले टोमॅटो यांनी मुकाट्याने खाल्ले, पण भरवसा त्या न पाहिलेल्या माणसांवर. शेवटी वेळ निवडायची होती. सकाळी नऊ ते अकरा घेतली तर पोचवायचे पैसे लागत नव्हते, म्हणून यांनी तीच घेतली.

"फक्त तू घरी राहा त्या वेळेला," हे म्हणाले. "मोजून घ्यायचं, बघून घ्यायचं, लगेच जागेवर लावायचं. ते काही मला जमायचं नाही."

नऊ ते अकरा ही माझी बाजाराची वेळ होती.

मला बाजाराचं वेड आहे असं कुणी समजू नये. तिथे धक्के असतात, पायाखाली कुजका पाला असतो आणि वजनात मारायला सगळे टपलेले असतात. मी बाजारात जायचे ती ताईसाठी. अंडीवाल्याच्या दुकानामागे एक बाक आहे. तिथे माझी थोरली बहीण येऊन बसायची आणि मी पिशवी पायाशी ठेवून तिच्याशेजारी बसायचे. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला मी अशी अंड्यांच्या खोक्यांआड भेटत होते.

त्याचं कारण इतकं क्षुल्लक आहे की सांगतानासुद्धा डोक्यात तिडीक जाते. बऱ्याच वर्षांपूर्वी यांच्या ऑफिसची मंडळी आमच्याकडे जेवायला आली होती. मी स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये नुसती धावत होते. यांनी पुन्हा पाणी मागितलं, तेव्हा ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "पाण्याचा जग तुमच्या कोपराशीच आहे की." सगळे हसले. यांचे वरिष्ठही हसले, आणि तेच यांना लागलं. पाहुणे गेल्यावर यांनी निकाल दिला, ती या घरात येणार नाही आणि तू तिच्या घरी जायचं नाहीस. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. बाजाराबद्दल हे काही बोलले नव्हते, म्हणून आम्ही बाजारात भेटू लागलो.

फोनवर बोलायचं तर ताईला ऐकू कमी येतं. तिला फोन करायचा म्हणजे अर्ध्या इमारतीला बातम्या द्यायच्या. मेसेज ती वाचत नाही. फोन उचलायचा आणि ठेवायचा, एवढंच ती शिकली आहे. हे ऑफिसला जायचे तोवर माझा आरडाओरडा खपून जायचा. आता हे दिवसभर घरात, तेही हॉलच्या मधोमध, खुर्ची टाकून.

आणि नेमकं याच वेळी मला ताईची खबर हवी होती. अ‍ॅप आलं त्याच्या आदल्याच दिवशी बाकावर बसल्या बसल्या तिने माझा हात धरून स्वतःच्या काखेपाशी नेला होता. तिथे गाठ होती. वाटाण्यापेक्षा मोठी, हाताला टणक लागणारी. डॉक्टर सोमवारी सांगणार होते. "मंगळवारी ये," ताई म्हणाली होती, "काय ते सांगते."

मंगळवारी आमच्याकडे टोमॅटो यायचे होते.

हे सकाळपासून फोन हातात धरून बसले. फोनवर नकाशा होता आणि नकाशात एक इवलीशी स्कूटर. "निघाला," हे म्हणाले. मग "वळला." मग "थांबलाय, सिग्नल असणार." स्वतःचा मुलगा परदेशातून पहिल्यांदा घरी आला तेव्हा यांनी एवढी वाट बघितली नव्हती. मी स्वयंपाकघरात उभी राहून घड्याळ बघत होते. सामान आलं तोवर अकरा वाजत आले होते आणि ताई बाकावरून उठून गेली असणार होती. टोमॅटो मऊ निघाले. "सॉसला चालतील," हे म्हणाले. सॉस कोण करणार होतं, तेही सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "जरा जाऊन येते, सुईदोरा संपलाय."

"थांब थांब," हे म्हणाले, "मिळतो इथे." आणि बोट लावलं.

सुईदोरा आला. मग मी केसांच्या पिना म्हटलं, पिना आल्या. काडेपेटी म्हटलं, काडेपेट्यांचा अख्खा पुडा आला, स्वस्त होता म्हणून. बटणं म्हटलं, इस्त्रीची चादर म्हटलं, उंदराचं औषध म्हटलं. घरात उंदीर नव्हता. तरी औषध आलं, तेही नऊ ते अकरा. मी ज्या ज्या वस्तूचं नाव घेऊन दाराबाहेर पडू बघत होते, ती ती वस्तू दारातून आत येत होती. हे खूश. "बघ, तुला बाहेर जायची गरजच नाही!" हे म्हणायचे, आणि मला वाटायचं ते सगळे पुडे खिडकीतून खाली भिरकावून द्यावेत.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगून का गेली नाहीस? मीही तेच म्हणायचे, रोज, भांडी घासताना. रोज ठरवायचे, आज सांगायचं. आणि यांनी "काय गं?" म्हणून मान वर केली की माझ्या तोंडून निघायचं, "काही नाही, चहा ठेवू?" त्या चहाचासुद्धा मला राग यायचा. रात्री डोळा लागायचा नाही, हाताला ती गाठ लागत राहायची. असा एक आठवडा गेला, दुसरा गेला.

मग त्या सकाळी यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्यालाही ते अ‍ॅप घ्यायचं होतं. हे हॉलमध्ये मोठ्या आवाजात शिकवत होते, आधी पत्ता, मग वेळ, मग अमुक दाब, तमुक दाब. मी आत कणीक मळत होते. शिकवणी संपली आणि यांचा आवाज खाली आला. माणूस आवाज खाली आणतो तेव्हाच कान टवकारले जातात.

"सोय तर आहेच," हे म्हणत होते, "पण आणखी एक फायदा झाला. हिची ती बहीण. बाजारात गाठून हिचे कान भरत बसायची. मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. पण बोललं की भांडण होतं. आता बघ, शब्दही न बोलता बंद झालं." आणि हसले.

तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे गुडघे नव्हते. ऊन नव्हतं. मी पिशव्या ओढते याचं कुणाला दुःख नव्हतं. मी सुईदोरा, पिना, बटणं म्हणत तोंड लपवत होते आणि हे खुर्चीत बसून सगळं ओळखून होते. माझ्या बहिणीला यांनी गुपचूप बंद केलं होतं, नको असलेलं वर्तमानपत्र बंद करावं तसं.

मी हात धुतले. कणीक तशीच उघडी टाकली. फोन आणि किल्ली घेतली आणि चपला घालायला लागले.

"कुठे निघालीस?" हे म्हणाले. "काय हवंय? सांग ना, टाकतो."

"काही नकोय."

"अगं, पण ऑर्डर निघालीय. नाक्यावर आलाय तो. घेणार कोण?"

"तुम्ही," मी म्हटलं आणि दार ओढून घेतलं. कुठे जाते ते मात्र तेव्हाही तोंडून फुटलं नाही.

जिन्यात डिलिव्हरीवाला भेटला, दोन्ही हातांत आमच्याच पिशव्या. "वर साहेब आहेत," मी त्याला म्हटलं. "त्यांच्याच हातात द्या."

बाक रिकामा होता. अंडीवाला म्हणाला, ताई कितीतरी दिवसांत आली नाही. आधी काही दिवस येऊन वाट बघत बसायची, मग तेही बंद झालं. मी तिथून तशीच तिच्या घराकडे चालत सुटले. इतक्या वर्षांनीही रस्ता पायांना पाठ होता. जाताना मी मनात यांना जे जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

बेल बराच वेळ वाजवावी लागली. मग आतून सावकाश पावलं आली आणि ताईने दार उघडलं. ती अर्धी झाली होती. उजवा हात अंगाशी धरला होता आणि गाऊनच्या बाहीखालून पट्टी दिसत होती.

"ये," ती म्हणाली. "आलीस."

"झालं ऑपरेशन?" मी ओरडूनच विचारलं.

"झालं. काढली गाठ. साधी निघाली." ती खुर्चीचा आधार घेत बसली. "सही शेजारणीने केली. हॉस्पिटलवाले विचारत होते, नात्यातलं कोण आहे. म्हटलं, हीच बहीण."

मी तिच्या पायाशी जमिनीवरच बसले आणि सगळं सांगायला लागले. अ‍ॅप, स्कूटर, पिना, आजचा तो फोन, यांचं हसणं. मोठ्याने सांगावं लागत होतं, तेव्हा रागालाही बरं झालं. "त्यांनी मुद्दाम केलं, ताई! त्या अ‍ॅपमुळे मला यायला मिळालं नाही!"

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग तिचा चेहरा बदलला. लहानपणी मला धपाटा घालायच्या आधी व्हायचा तसा.

"आणि अ‍ॅप नव्हतं तेव्हा?" ती म्हणाली. "तेव्हा कधी चढलीस हा जिना? एवढी वर्षं मी त्या बाकावर येऊन बसले. पावसात बसले, तापात बसले. तुला अडचण नको म्हणून. तू एकदा तरी म्हणालीस का, ताई, आज मी तुझ्याकडे येते? तो बंदी घालून मोकळा झाला. पाळली कुणी?"

मला राग आला. इतक्या लांबून धावत आले आणि वर हिचं ऐकायचं! मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. पडद्यावर यांचा फोटो.

"कोण आहे?" ताईने विचारलं. "तोच ना? घे. आणि कुठे आहेस ते सांग. सांगता येत नसेल तर ऊठ आणि घरी जा."

मी फोन घेतला.

"अगं, अंडी फ्रीजमध्ये ठेवायची की बाहेर?" हे म्हणाले. "आणि या पालेभाजीचं काय करायचं? तू आहेस कुठे?"

"ताईकडे," मी म्हटलं.

"कुणाकडे?"

"ताईकडे. तिच्या घरी. तिचं ऑपरेशन झालंय, मी नव्हते तेव्हा. तिला बरं वाटेपर्यंत मी इथेच राहणार आहे."

मी वाट बघत होते. कसलं ऑपरेशन, एवढं जरी विचारलं असतं, तरी माझा अर्धा राग तिथेच उतरला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

"मग माझ्या जेवणाचं काय?" हे म्हणाले.

मी फोन बंद केला.

"काय म्हणाला?" ताईने विचारलं.

"जेवणाचं काय, म्हणाले."

ताई हसायला लागली. काखेला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "नको गं," म्हणाली, "टाके दुखतात." मला अजिबात हसू येत नव्हतं. मी उठले, तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा उघडून तिने इतके दिवस काय खाल्लं असेल ते बघू लागले.