विल्मासाठी घेतलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. हसू नका. उंचीनं बोटभर असले तरी साहेबाची खुर्ची आहे मी. उंच पाठ, दोन हात, खाली पाच चाकं, आणि गोल फिरतेसुद्धा.

एल आल्तोतल्या एउलोहिओ नावाच्या कारागिरानं मला पत्र्यातून घडवलं. अंगावर जुन्या मिनीबसच्या सीटचं काळं रेक्झिन चिकटवलं. माझ्याबरोबर आणखी चाळीसजणी वाळत पडल्या होत्या. आम्हा सगळ्यांचा जन्म एकाच दिवसासाठी, चोवीस जानेवारी. त्या दिवशी ला पाझ शहराच्या जत्रेत जो तो आपल्याला वर्षभरात हव्या असलेल्या वस्तूचं इवलंसं रूप विकत घेतो. घर हवं तर घर, गाडी हवी तर गाडी. मग दुपारी बाराच्या ठोक्याला ते धुपावर धरायचं, वर दारूचे चार थेंब शिंपडायचे. स्वतः घेतलेलं फळतं, पण दुसऱ्यानं प्रेमानं दिलेलं जास्त फळतं म्हणतात. माझी सगळी भानगड इथूनच सुरू झाली.

मला घेतलं बासिलियाबाईंनी. घेताना एउलोहिओला घाम फोडला त्यांनी.

"चाकं फिरतात ना नीट? माझ्या लेकीला साहेबीण व्हायचंय. अडकणारी खुर्ची नकोय मला."

बाईंची बाजारात आपीची गाडी. आपी म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम गरम पेय, सोबत चीज भरून तळलेली पुरी. भल्या पहाटेपासून बाई उभ्या, अशी तीस वर्षं. पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात. त्यांच्या घराण्यात साहेबाच्या खुर्चीत बसून पगार कोणी घेतलाच नव्हता. लेकीनं तो घ्यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

लेक म्हणजे विल्मा. एका आरोग्य विमा संस्थेत चार वर्षं कॉम्प्युटरच्या तक्रारींच्या फोनवर. पासवर्ड विसरलो, प्रिंटर चालत नाही, स्क्रीन काळी झाली. "प्लग लावलाय का, इंजिनिअरसाहेब?" असं तिनं विचारलं की पलीकडचे साहेब आधी चिडायचे, आणि मग बारीक आवाजात "झालं चालू" म्हणायचे.

त्या जानेवारीत तिच्यापुढं दोन जागा आल्या. फोन विभागाच्या प्रमुखबाई निवृत्त होत होत्या, त्यांची जागा तिला देऊ केली होती. पगार दीडपट, काचेची केबिन. दुसरी जागा नेटवर्कवाल्यांकडची, शिकाऊ. पगार आहे तोच, शाखाशाखांत जाऊन वायरी ओढायच्या, सहा महिन्यांनी परीक्षा, आणि नापास झाली तर सरळ घरी. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

जत्रेत बाईंनी मला धुरावर धरलं आणि लेकीच्या तळहातावर ठेवलं. विल्मा हसली. आईचं मन राखायला हसतात तसं. मला तेव्हाच शंका आली.

घरी मी कपाटावर बसले. तिथून तिची वही दिसायची. आलेल्या प्रत्येक तक्रारीपुढं ती खूण करायची. कंटाळून घड्याळ पाहिलं तर फुली, जेवण विसरली तर टिंब. तीन आठवड्यांची पानं भरली होती. टिंबं जवळजवळ सगळी नेटवर्क बंद पडल्याच्या दिवसांची होती.

रविवारी दुपारी बाई घरी तळण काढत होत्या.

"आई, मी प्रमुखाची जागा घेत नाही."

झारा तेलातच थांबला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"तिथं दिवसभर लोकांच्या रजा मंजूर करायच्या. मशीनला हातसुद्धा लागणार नाही."

"मग वायरी ओढत हिंड! आणि नापास झालीस की फोनही गेला हातचा. माझे पाय बघ जरा, बाई. ह्यांच्यासाठी तरी बस."

विल्मा पायांकडं बघत राहिली. डोळे भरले तिचे. मला वाटलं, जिंकले मी.

मग ती हळूच म्हणाली, "मामानं तुला कापडाच्या दुकानात बसवलं होतं ना? गादीवर, उबेला. किती दिवस बसलीस?"

बाईंनी पुरी उलटली. "नऊ."

"का उठलीस?"

"जीव गुदमरला. आल्यागेल्याचं तोंड बघायचं आणि हात मांडीवर ठेवून..." बाई मध्येच थांबल्या. आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. "फार शहाणी झालीस," एवढंच म्हणाल्या आणि पुढची पुरी सोडली.

सोमवारी विल्मानं नेटवर्क घेतलं. काचेच्या केबिनमध्ये रामिरो नावाचा तिचा सोबती बसला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पहिल्याच महिन्यात हिनं भलतीच वायर उपटली आणि एका शाखेचं औषधांचं दुकान तासभर बंद पाडलं. रडत घरी आली. म्हटलं, आता तरी वर बघेल माझ्याकडं. ती बघेना. बाईंनी तिचे खरचटलेले हात कोमट पाण्यात धरले आणि म्हणाल्या, "उद्यापासून हात लावायच्या आधी प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांध." तिनं बांधल्या. जुलैत परीक्षा झाली. पास झाली, अगदी काठावर.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कपाटावरून उचललं आणि गाडीवर आणलं. आता मी साखरेच्या डब्याशेजारी असते. रेक्झिनला तेलाचा वास लागलाय, एक चाक गळालंय. जानेवारी आला की लोक पुन्हा जत्रेला निघतील. माझं एवढं ऐका, जिच्यासाठी घेताय तिला आधी विचारा, आणि ती काय म्हणते ते पुरतं ऐकून घ्या.

रोज कोणीतरी गिऱ्हाईक विचारतं, "ही कोणाची हो खुर्ची?"

बाई पळी खाली ठेवतात. पलीकडच्या दोन गाड्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतात, "माझ्या लेकीची. साहेब देत होते तिला. नको म्हणाली."