सरांनी ऐकलेली बातमी

धर्मराज सुतारांचा कॉम्प्युटर क्लास शिरवण्यात पंचवीस वर्षं चालू होता. शहर वसवायला सरकारनं गावाची शेतं घेतली तेव्हा बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर वडिलांनी चार मजली इमारत उभी केली होती. पहिल्या मजल्यावर क्लास, वर घर आणि भाडेकरू. पोटापाण्याची चिंता नव्हती. क्लास ते चालवत होते, कारण शिरवण्यापासून तुर्भ्यापर्यंत कुठेही गेलं तरी कुणीतरी थांबून 'नमस्कार सर' म्हणायचं. गावात सुतार पुष्कळ होते, पण सर एकच.

दोन वर्षांपूर्वी तेजस नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. खारघरच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन तो नोकरीला लागला होता. फळ्यावर टायपिंगचे आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे धडे लिहिलेले होते. ते बघून तो सहज म्हणाला, "सर, अजून हेच शिकवता?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण सरांना ते लागलं. त्यांनी विचारलं, "मग नवीन काय चाललंय ते आम्हाला कुठून कळणार?" तेजसनं त्यांचा फोन घेतला आणि टेक्नॉलॉजीच्या बातम्यांचे चार पॉडकास्ट लावून दिले.

तेव्हापासून सर रोज सकाळी सहाला क्लास उघडून एकटे बसायचे. कानात इयरफोन, पुढ्यात वही. एका पॉडकास्टमध्ये दोघं जण बोलायचे. त्यातला एक सारखा हसायचा आणि त्याचं इंग्रजी इतकं भरभर असायचं, की सरांनी वेग कमी करून ठेवला होता. वेग कमी केला की त्याचं हसणं विचित्र, रडल्यासारखं ऐकू यायचं. निम्मं कळायचं, निम्मं दुसऱ्यांदा ऐकून कळायचं. तरी त्यांनी नेटानं चालू ठेवलं. सात वाजता मुलं यायची, तेव्हा ते त्यांना टायपिंग शिकवायचे आणि मनात त्यांना माहीत असायचं, की आपण जे शिकवतोय ते संपत आलंय.

उन्नती त्यांच्या सकाळच्या बॅचला होती. वीस वर्षांची, तुर्भ्याच्या वस्तीत आईबरोबर राहणारी. आई मुक्ताबाई परभणीकडची. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि तिनं एकच गोष्ट ठरवली होती, की पोरीनं त्या कारखान्यात पाय ठेवायचा नाही. उन्नतीचा हात कीबोर्डवर इतका साफ चालायचा, की सर नव्या मुलांना तिच्याकडे बघायला सांगायचे.

मागच्या जूनमध्ये नेरुळच्या एका खाजगी हॉस्पिटलात रेकॉर्ड विभागात पेशंटची माहिती टाइप करायच्या दोन जागा निघाल्या. क्लासमधल्या दोघींची निवड झाली, उन्नतीची आणि तिची मैत्रीण अस्मिता हिची. उन्नती पत्र घेऊन आली. सर टेबलाशी बसले होते, इयरफोन नुकतेच काढून ठेवलेले.

योगायोग असा, की त्या दिवशी सकाळी त्यांनी नेमकं तेच ऐकलं होतं. हॉस्पिटलांमधली लिखापढी आता मशीन करणार. डॉक्टर बोलेल, मशीन लिहील. अशा नोकऱ्यांना फार तर दीड वर्ष. वहीत त्यांनी त्या वाक्याखाली दोनदा रेघ ओढली होती.

"बस," ते म्हणाले. "हे नको घेऊस."

उन्नतीला वाटलं, सर मस्करी करतायत. "का सर?"

"दीड वर्षात ती जागाच राहणार नाही. मग बाविसाव्या वर्षी परत पहिल्यापासून सुरुवात करणार का?"

"पण आई म्हणते, लगेच हो म्हण."

"आईला यातलं काय माहीत?"

ती पत्र हातात धरून त्यांच्याकडे बघत होती. सरांनी वही तिच्यापुढे सरकवली, रेघा दाखवल्या. "मला सहा महिने दे. फी नको. हे नवीन जे येतंय, ते तुला शिकवतो. त्यातली मुलं कमी आहेत, तुला कुठेही मागणी येईल."

"सर, नक्की ना?"

"नक्की."

उन्नतीनं हॉस्पिटलला नकार कळवला. अस्मितानं सरांना विचारलंच नव्हतं. ती एक तारखेला कामावर रुजू झाली.

सर रोज दुपारी उन्नतीला शिकवायला लागले. पहिले दोन महिने मशीनला सूचना कशा लिहायच्या ते शिकवलं. तिसऱ्या महिन्यात पॉडकास्टमधला तो हसणारा माणूस म्हणाला, हे कौशल्य आता कुणाला लागत नाही, मशीनला साधं बोललेलं कळतं. सरांनी तो धडा सोडला आणि मशीनसाठी माहिती नीट करून द्यायचं काम सुरू केलं. महिन्याभरानं कळलं, तेही मशीनच करतंय. मग तिसरंच काहीतरी. उन्नती सगळं उतरवून घ्यायची. तिच्या तीन वह्या भरल्या. सुरुवातीला ती पुष्कळ प्रश्न विचारायची, कारण तिला उत्तरं हवी असायची. पुढे पुढे सर उत्तर शोधताना घामाघूम होतात हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं विचारणं कमी केलं.

सर आता सकाळीच नाही, जेवताना, जिना चढताना, झाडांना पाणी घालतानाही ऐकायला लागले. त्यांना वाटायचं, कुठेतरी, कुणीतरी असं सांगेल, की अमुक एक गोष्ट टिकेल. तेवढी एक मिळाली की ती मुलीला शिकवायची. एके दुपारी त्यांच्या बायकोनं, विजयमालानं, ताट पुढे ठेवून त्यांच्या कानातलं स्वतः काढलं.

"ती दोगं बोलतान ते तिकडचं, परदेशातलं हाय," ती म्हणाली. "तुमी त्या पोरीला कशाला थांबवून ठेवलंय?"

"तिच्या भल्यासाठी."

"तुमाला येतं का ते, जे तिला शिकवता?"

सरांनी भात कालवला आणि तसाच ठेवला.

डिसेंबरात सहा महिने पुरे झाले. उन्नतीनं वही मिटून विचारलं, "सर, याचं सर्टिफिकेट कशाचं मिळेल? अर्जात काय लिहू, काय येतं म्हणून?"

सरांनी तिच्या वहीची पानं मागेपुढे उलटली. "अजून थोडं थांब," एवढंच ते म्हणू शकले.

ती "बरं सर" म्हणाली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली. सोमवारी आली नाही. मंगळवारी सरांनी फोन केला, तर तिनं उचलला नाही. आठवड्यानं क्लासमधल्या एका मुलीकडून कळलं, की उन्नती आईच्या कारखान्यात पॅकिंगला लागलीय.

त्या दुपारी सर हॉस्पिटलात गेले. कुणाला भेटायचं ते ठरवलं नव्हतं. रेकॉर्ड विभागात काचेपलीकडे अस्मिता बसली होती. सरांना बघून ती उठून उभी राहिली आणि त्यांना आपल्या साहेबांकडे, उदयसिंह म्हणून होते त्यांच्याकडे, घेऊन गेली. सरांनी हात जोडून सांगितलं, की मागच्या जूनमध्ये जिची निवड झाली होती ती मुलगी आता यायला तयार आहे. चूक तिची नव्हती, माझी होती.

उदयसिंहांनी ऐकून घेतलं. "सर, जागाच नाही हो. ऑक्टोबरपासून मशीन आलंय. डॉक्टर बोलतात, ते लिहितं. नवीन भरती बंद."

"आणि ही अस्मिता?"

"जे आधीपासून होते त्यांना ठेवलंय. मशीननं लिहिलेलं तपासायला माणूस लागतोच, आणि यांना इथलं काम माहीत आहे. मागच्या महिन्यात कायम केलं त्यांना."

सर बाहेर येऊन बाकावर बसले. बातमी खरी होती. दीड वर्षसुद्धा लागलं नव्हतं. पण जे आत गेले ते आत राहिले आणि दार मागून लागलं. हे पॉडकास्टवाल्यांनी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलंही असेल, त्या भरभर इंग्रजीत, आणि सरांना कळलं नसेल. हा दुसरा विचार आला तेव्हा त्यांना बसवेना.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते तुर्भ्याला कारखान्याच्या गेटशी गाडी लावून उभे राहिले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक लागलेले. शिफ्ट सुटली, बायका बाहेर आल्या. मुक्ताबाई आणि उन्नती बरोबरच आल्या. उन्नतीच्या कपाळावर कामावरच्या टोपीच्या रबराचा लाल वळ उठला होता.

सरांनी हॉस्पिटलात काय झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मुक्ताबाई पदर डोक्यावर धरून ऐकत होती.

"मी तवाच म्हनलं व्हतं तिला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तर म्हनली, सर सांगायलेत. मग मी बी गप बसले. तुमी शिकलेले मानसं."

"माझं चुकलं, मुक्ताबाई."

"चुकतंय मानसाचं." ती लेकीकडे न बघता म्हणाली. "पर हिला हितं आनायचं नव्हतं मला."

 एक ट्रक मागे येत होता, तिघांनाही बाजूला व्हावं लागलं. मग उन्नतीनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"सर, इथलं पॅकिंगचं काम किती दिवस राहील? तुम्ही ऐकलं असेल ना काहीतरी."

सरांनी ऐकलं होतं. मागच्याच आठवड्यात, पूर्ण एक तासाचा भाग होता तो. खोकी भरणारे यंत्राचे हात, कुठल्या देशात किती बसले, कधीपर्यंत कुठे येतील. त्यांच्या वहीत चार पानं झाली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, जून महिन्यात पत्र हातात धरून बघत होती तशीच, आणि ते सांगतील ते ती अजूनही खरं धरणार होती. 

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"बरं," उन्नती म्हणाली.

मुक्ताबाईनं तिचा दंड धरला आणि दोघी ट्रकांच्या रांगेच्या कडेनं वस्तीच्या दिशेनं चालायला लागल्या. सरांना गाडी सुरू करायची आठवण राहिली नाही. दुसऱ्या शिफ्टच्या बायका एकेक करून आत जात होत्या. त्यांतल्या एकीनं त्यांना ओळखलं, कुणा जुन्या विद्यार्थ्याची आई असावी. ती थांबून म्हणाली, "नमस्कार सर." सरांनी मान खाली घातली आणि ती आत जाईपर्यंत वर केली नाही.